वरच्या सुरांचा राहून गेलेला धडा

बाई,

तुमच्याविरुद्ध माझी एक गंभीर तक्रार आहे आणि ती करायला मी फार वर्षं लावली. तुमच्यामुळे माझी एकही पँट मला कमरेत धड बसत नाही. मुलुंडचा आमचा शिंपी टेप गुंडाळतो, मी सवयीने श्वास खाली, बरगड्यांत आणि पाठीत भरून घेतो, तो माप लिहितो, आणि घरी येऊन पँट चढवली की ती घसरते. मागच्या महिन्यात त्याने टेप गळ्यात टाकून विचारलं, "मास्तर, तुम्ही नेमके केवढे?" संस्कृत शिकवणाऱ्याने ह्या प्रश्नाला वेदान्ताच्या अंगाने काही उत्तर द्यायला हवं होतं. मी पट्टा वापरतो म्हटलं.

खरं काम वेगळं आहे. माझी मुलगी, जी तुम्ही दुपट्यात पाहिली होती, आता पंधराची झाली आणि तुमचं गाणं गाते. ऑपेराचं. तिला शिकवतो मी. हसायचं तेवढं हसून घ्या, मी थांबतो. तर गेले काही आठवडे रियाज संपला की तिचा आवाज बसतो. सकाळी ठीक असतो, संध्याकाळच्या तासाभरानंतर खरखरतो. वरच्या सुरांना गळ्याचं काय करायचं हे तुम्ही इतर मुलींना सांगत होता, ते मी नीट ऐकलं नाही, म्हणून हे लिहायला बसलोय.

नीट ऐकलं नाही, कारण मी गाणं शिकायला आलोच नव्हतो. आपण अंधेरीच्या त्या शाळेत शेजारशेजारच्या वर्गांत होतो. तुम्ही गाण्याच्या बाई, मी नवा संस्कृतचा मास्तर. तुमच्या मुलींचं "आऽऽ" भिंतीतून यायचं आणि माझे रामौ-रामाः त्यात बुडायचे. मी तावातावाने तक्रार घेऊन आलो, तर तुम्ही माझं बोलणं सोडून माझ्या मानेकडे बघत राहिलात. "माझ्या पोरी राहू दे रे. तुझ्या गळ्याच्या शिरा बघ, दोरखंड झालेत. दुपारी आवाज फाटतो ना तुझा? असाच ओरडत राहिलास तर दोन वर्षांत मुका होशील, मग शिकव खुणा करून." दुपारी माझा आवाज खरोखरच फाटत असे. शनिवारी गावठाणातल्या तुमच्या घरी यायचं, असं तुम्हीच ठरवलंत आणि मला तसं कळवलंत.

पहिला शनिवार मी विसरणं शक्य नाही. तुमच्या घरी वर्षाचा मसाला कुटायचं काम चाललंय. अंगणात तीन बायका लांब मुसळं घेऊन एका तालात मिरच्या कुटतायत, ओट्यावर बिअरच्या रिकाम्या बाटल्या धुऊन उपड्या घातल्यायत, त्यांत तो मसाला ठासून भरायचाय. तुम्ही फ्रॉकवर टॉवेल बांधून उभ्या. मला म्हणता, "ये. वास घे. पण सावकाश, आवाज न करता, फार चांगलं काहीतरी मिळाल्यासारखा." मी घेतो आणि मला लागोपाठ शिंका येतात. बायका हसू लागतात. तुम्ही शांतपणे माझा हात धरून माझ्याच पोटावर ठेवता. "कळलं? शिंकताना हे जे आत उडतं ना, ते गाताना हळूहळू चालवायचं. देवाने फुकट दिलंय, तुम्ही लोक फक्त शिंकायला वापरता." श्वासाचा पाठ लाल मिरचीवर घेणारी गुरू आमच्या परंपरेत मला तरी सापडलेली नाही.

परंपरेवरून आठवलं, सर्वांत जास्त बोलणी मी खाल्ली ती माझ्या विद्वत्तेपायी. मुंजीपासून प्राणायाम केलेला माणूस मी. श्वास कसा घ्यायचा हे एका ख्रिस्ती बाईने मला शिकवावं, हे मनातून थोडं झोंबतच होतं. तुम्ही म्हणालात, श्वास भर, क्षणभर थांब, मग दातांतून "स्" करत सोड. मी भरला, आणि लहानपणापासूनच्या शिस्तीने कुंभक केला, म्हणजे गळ्याला आतून कडी घातली. सोडायला गेलो तर तो फाडकन फुटला. पुन्हा केलं, पुन्हा तसंच. तुम्ही टेबलावर थाप मारलीत. "आतून कडी लावून बाहेर कसा निघणार तू? दार उघडं ठेव! थांबायचं ते बरगड्यांनी. त्या पसरलेल्या राहू देत, गळ्याला काही सांगूच नको." मी म्हटलं, आमच्या शास्त्रात तर… तुम्ही पुरं ऐकलंही नाहीत. "तुमच्या ऋषींना जीभ कुठे लागते, टाळू कुठे, सगळं ठाऊक. माझ्या पोरींना त्यातलं नखभर येत नाय. पण गप्प बसून देवाचं नाव घेणं वेगळं, चाळीस पोरांच्या डोक्यावरून शेवटच्या बाकापर्यंत जाणं वेगळं." हे ऐकून मला राग आला होता, आणि तरीही घरी जाताना वाटेत मी दार उघडं ठेवून श्वास थांबवायचा प्रयत्न करत होतो. समोरून येणाऱ्या एका दूधवाल्याने सायकल बाजूला घेतली.

तुमच्याबद्दल मला जे वाटतं ते एका दुपारी ठरलं. सुट्टीत मैदान रिकामं होतं. पलीकडे खाणीत सुरुंग उडत होते, म्हणून दोन स्फोटांमधली शांतता बघून तुम्ही मला पार टोकाच्या नळाजवळ पाठवलंत आणि स्वतः शाळेच्या पायरीवर उभ्या राहिलात. मी वाट बघत होतो की आता काहीतरी प्रचंड येणार. आला तो एक बारीक सूर, झोपलेल्या मुलाच्या खोलीत गावा तसा. पण तो माझ्या कानाशी होता. तुमचे खांदे हलले नाहीत, मान सैल, चेहऱ्यावर जांभई येऊ लागल्यासारखा निवांतपणा. फ्रॉकच्या घोळात मला तुमचं पोट दिसत नव्हतं, पण ते काय करत असेल हे मला माझ्या पोटात कळलं. परत आलो तेव्हा तुम्ही म्हणालात, "मोठा नाय करायचा, लांब पाठवायचा." मी आयुष्यात पुष्कळ सूत्रं पाठ केली, बाई. इतकं आटोपशीर आणि इतकं उपयोगी त्यांत फारसं काही नव्हतं. पुढच्या वर्षीपासून माझा आवाज शेवटच्या तासालाही शाबूत राहू लागला, आणि आजही आहे.

मग मुलगी झाली, आम्ही तिला दाखवायला आणली, आणि ती तुमच्या पलंगावर आडवी पडून किंचाळू लागली. बायको शरमली. तुम्ही मात्र आनंदाने झुकून बघत होता. "बघ, बघ तिच्या बरगड्या! तासभर रडेल पण गळा बसणार नाय. हिला कोणी शिकवलं नाय म्हणून बरोबर करते." निघताना तुम्ही मला एक रेकॉर्ड दिलीत, कुणा इटालियन गायिकेची. माझ्या घरी ग्रामोफोन नाही हे तुम्हाला माहीत होतं. "होईल कधीतरी," म्हणालात. पुढे तुमच्या अंत्यविधीला चर्चमध्ये तुमच्या वर्गातल्या मुली गात होत्या आणि मी शेवटच्या बाकाशी उभा राहून, रडू आवरायला, तुम्ही शिकवलेला श्वास घेत होतो. तेवढ्यापुरता तो कामी आला नाही.

ग्रामोफोन अखेर मागच्या वर्षी आला. तुमची रेकॉर्ड लावली, आणि पोरगी भांडी विसळता विसळता त्या गायिकेच्या मागोमाग वर गेली, एक अक्षर न समजता, सुरात. बायको म्हणाली, "अहो, ही गाते की गच्चीवरून कुणाला हाक मारते?" पण तीही हातातलं काम सोडून ऐकत होती. त्या दिवसापासून मी गुरू झालो. श्वासापर्यंत माझं बरं चाललं. लादीवर झोपवून पोटावर माझा जाडजूड शब्दकोश ठेवला, "स्" करवला, कडी काढायला शिकवलं. ती पटकन शिकली. मग ती वर जाऊ लागली, आणि तिथे माझ्याकडे तुमची तुटक वाक्यंच आहेत. "वर जाताना 'आ' थोडा 'ऑ'कडे झुकव." पण कुठल्या सुरापासून, आणि किती? "जबडा पडू दे." पडू द्यायचा की ओढायचा? मी तिला घसा रुंद ठेव म्हणतो, ती जिभेचं मूळ खाली दाबते, सूर निघतो पण घोगरा. मी म्हणतो, पुन्हा. ती पुन्हा करते. "बाबा, आता बरोबर?" ती विचारते, आणि मी मास्तर असल्यामुळे काहीतरी उत्तर देतो.

काल ती जेवताना बोललीच नाही. बायकोने विचारलं तर पाण्याचा घोट घेऊन नुसती मान हलवली. बायको माझ्याकडे वळली. "तुम्हाला येतं का हो हे, खरं सांगा. नसेल येत तर सोडा. पोरीला चांगला गळा आहे, तो तरी राहू दे." मी म्हटलं, श्वास येतो. ती म्हणाली, "मी श्वासाचं विचारलं नाही."

तुमच्या वर्गातली एक उंच मुलगी, जी नंतर परदेशी शिकून आली, आता इथेच गाणं शिकवते. तिला भेटायचं रविवारी ठरलंय. रियाज मी आजपासून बंद केला, मुलीला सांगितलं की गळ्याला विश्रांती हवी. तिने वाद घातला नाही, हेच मला आवडलं नाही. हा कागद मी पोस्टात टाकणार नाही, वाचून तुम्ही काही सुधारून देणार आहात अशातलाही भाग नाही. लिहिताना वाटलं होतं की त्या सुरांचं तुम्ही काय सांगत होता ते आठवेल. आठवलं नाही. रविवारी ती बाई मुलीला दोन-तीन सूर गायला लावील, आणि मग मला बाहेर बसायला सांगून दार लोटून घेईल, ह्याची मला भीती वाटते.