खऱ्या गाडीपेक्षा महाग

तीर्थस्वरूप दादांस,

साष्टांग नमस्कार. (गुडघ्यांमुळे जमिनीवर वाकणं बंद आहे, त्यामुळे तो खुर्चीत बसूनच घातला आहे. पोचला असं धरून चालावं.) तुमची तब्येत बरी असेल, वहिनींचा रक्तदाब आटोक्यात असेल, मुलगी-जावई सुखात असतील, असं मी गृहीतच धरतो, कारण विचारायची सोय तुम्ही ठेवलेली नाही. तीन वर्षांत मी तीनदा फोन केला. तिन्ही वेळा तो वहिनींनी उचलला आणि तिन्ही वेळा तुम्ही अंघोळीला गेला होतात. एवढा स्वच्छ माणूस आपल्या घराण्यात दुसरा झाला नसेल. पूर्वी मी तुम्हाला अरे-तुरे करायचो, पण ज्याच्याशी तीन वर्षं बोलणं नाही त्याला ‘अरे’ म्हणणं बरं दिसत नाही, म्हणून हे अहो-जाहो. गैरसमज नसावा. आदर वाढलेला नाही.

हे पत्र समेटासाठी नाही, हे आधीच सांगून टाकतो. मला एका खर्चाबाबत तुमचा सल्ला हवा आहे, आणि या विशिष्ट खर्चाबाबत सल्ला देण्याचा अधिकार जगात फक्त तुम्हालाच आहे. का, ते पुढे येईलच. घाई असेल तरी पुढची पानं गाळू नयेत. शनिवारपर्यंत निर्णय करायचा आहे.

मी प्लास्टिकच्या गाड्या जोडतो, हे तुमच्या कानावर असेल. खोक्यात सुटे भाग येतात, ते कापायचे, घासायचे, चिकटवायचे, रंगवायचे, की खऱ्या गाडीच्या चोविसाव्या हिश्शाएवढी गाडी तयार होते. आजवर अकरा झाल्या, बाराही झाल्या असत्या. दिवसभर लोकांच्या कवळ्या बनवणाऱ्या माणसाला असला छंद परवडतो, कारण चिमटे, कानस, घासायची मोटर, सगळं आमच्या त्या एका खोलीत आहेच. प्लास्टरची पूड, मेणाचा वास आणि खिडकीत वाळत ठेवलेले वरचे-खालचे दात यांत आणखी एखादं बॉनेट कोणाच्या डोळ्यांवर येत नाही. पण छंद म्हटला की पैसा पाण्यासारखा जातो, म्हणून मी स्वतःला एक नियम घालून घेतला आहे: ज्या महिन्यात एकही कवळी डॉक्टरांकडून परत येणार नाही, त्या महिन्यात एक खोकं घ्यायचं. एक जरी आली तरी त्या महिन्याचा छंद बुडाला. (हिला हा नियम फार पसंत आहे. ती म्हणते, नवऱ्याच्या चैनीवर लोकांच्या हिरड्यांचा ताबा असावा.) कवळ्या सहसा परत येत नाहीत. हात चांगला आहे हे मी माझ्या तोंडाने सांगायला नको. खडूतून कोरलेली माझी दाढ बघून कवळ्यांचं काम शिकवणाऱ्या संस्थेने माझी सबंध फी माफ केली होती, हे तुम्हाला आठवत असेलच, तो निरोप घेऊन तुम्हीच आला होतात. चौतीस वर्षं झाली, पण नवा डॉक्टर काम द्यायला आला की मी आधी ती दाढ सांगतो, मग दर सांगतो.

नाही म्हणायला मागल्या वर्षी एक घोटाळा झाला. चकाकणारा चांदीचा रंग दिलेला एक चिमुकला बंपर मी वाळायला ठेवला होता, तो एका अर्धकवळीच्या पिशवीत गेला. आता अर्धकवळीला अडकवायला तारेचे आकडे असतातच, आणि बंपर तसा दिसतही होता. रोगी निवृत्त हेडमास्तर. त्यांनी समजूत करून घेतली की हा नव्या पद्धतीचा आकडा असून तो आपण घरी बसवायचा आहे. दोन दिवस ते आरशासमोर तोंडात बंपर बसवत होते. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांचा फोन आला आणि त्यांनी फार थंड आवाजात विचारलं की हा भाग कितव्या दाताचा. बंपर परत आला, त्याबरोबर कवळीही आली, म्हणजे नियमाप्रमाणे त्या महिन्याचं खोकं गेलं. शिवाय तो बंपर मी पुन्हा लावू शकलो नाही. ती गाडी अजून पुढून बोडकीच आहे.

आता मुद्द्यावर येतो. आमच्या गल्लीच्या तोंडाशी वह्या-खेळण्यांचं दुकान आहे. त्याच्या मालकाला मी कपाटवाला म्हणतो, कारण चांगली खोकी तो काचेच्या कपाटात ठेवतो आणि त्याची किल्ली गळ्यात घालून हिंडतो. दीड महिन्यापूर्वी त्या कपाटात मला आपली गाडी दिसली. म्हणजे आपली नव्हे, त्या जातीची. तीच लांब नाकाची, गोल दिव्यांची, मागून जरा खाली बसलेली. मी तिथेच उभा राहिलो. कपाटवाल्याने माझा चेहरा वाचला आणि तिथेच माझं नुकसान झालं.

खोकी दोन आहेत. एकात दारं अंगालाच ओतलेली, बंद, म्हणजे दार असल्याची नुसती रेघ. किंमत सोळाशे. दुसऱ्यात दारं सुटी, बिजागऱ्यांसकट, बसवली की उघडतात-मिटतात. ते बनवणं कारखान्याने केव्हाच बंद केलं, हे शेवटचं, म्हणून किंमत चार हजार दोनशे. मी म्हणालो, अहो, चार दारांचे सव्वीसशे जास्त? तर तो म्हणाला, दारं बंद ठेवायला काही पडत नाही साहेब, उघडायची म्हटली की पैसे. सहा शनिवार मी त्याच्याशी घासाघीस करतो आहे. सहा शनिवारांत तो एका पैशाने खाली आला नाही. आता म्हणतो, दुसरं गिऱ्हाईक आहे, या शनिवारी सांगा नाहीतर विसरा.

तर माझी मर्यादा किती, हे ऐका. एक हजार आठशे चाळीस. आकडा ओळखीचा वाटतो का? वाटायला हवा. बाबांची खरी गाडी, चार चाकांची, इंजिनाची, जिने बावीस वर्षं भाड्याने माणसं वाहून आपल्या दोघांना वाढवलं, ती तुम्ही भंगारवाल्याला एक हजार आठशे चाळीसला दिली होतीत. खऱ्या गाडीची तुम्ही जी किंमत केलीत, तिच्यापेक्षा खेळण्यातल्या गाडीला जास्त मोजायचं नाही, अशी मी शपथ घेतली आहे. (ही म्हणते, चौतीस वर्षांत पैशाची किंमत बदलली, हिशेब असा होत नाही. मी तिला म्हटलं, किंमत बदलली, वजन तेवढंच आहे.) या शपथेत सोळाशेची बसते. वर दोनशे चाळीसमध्ये गोंद, पॉलिश-कागद आणि रंगाच्या दोन डब्याही येतात. शहाण्या माणसाने ती घेऊन घरी यावं. ही रोज तेच सांगते.

पण तिची दारं उघडत नाहीत, दादा. आणि माझ्यासाठी ती गाडी म्हणजे तिचं दारच होतं. ड्रायव्हरच्या बाजूची आतली मूठ तुटलेली, ती बाबांनी कधी दुरुस्त केली नाही, कारण गाडी चालायला मूठ लागत नाही. संध्याकाळी जिन्याखाली गाडी थांबायची, एकदाच हॉर्न वाजायचा, आणि हातातली वही टाकून तुम्ही खाली पळायचात. बाहेरून दार उघडलं की बाबा उतरायचे आणि टोपी तुमच्या डोक्यावर ठेवायचे. मीही पळायचो. पण तुमचे पाय लांब आणि माझे आखूड, आणि तुम्ही कधी एक पायरीसुद्धा हळू उतरला नाहीत. इतक्या वर्षांत एकदाही ते दार मला उघडू दिलं नाहीत. मी तुमच्या पाठीमागे तिसऱ्या पायरीवर उभा राहून टोपीकडे बघायचो. ही गोष्ट क्षुल्लक आहे, हे मला ठाऊक आहे. चोपन्नाव्या वर्षीही ती क्षुल्लक वाटत नाही, त्याला मी काय करू?

मग बाबांची नजर गेली, परवाना गेला, गाडी दीड वर्ष जिन्याखाली उभी राहिली. मी संस्थेच्या परीक्षेला चार दिवस परगावी गेलो आणि परत आलो तर जिन्याखाली तेलाचा डाग. तुम्ही एवढंच म्हणालात, ‘दिली.’ किती ते विचारल्यावर आकडा सांगितलात. कोणाला विचारून, का, त्या पैशाचं काय केलंत, एक शब्द नाही. बाबा खिडकीशी बसून होते, तेही काही बोलले नाहीत. मला तेव्हा वाटलं, आणि अजूनही वाटतं, की म्हाताऱ्याच्या तोंडातला शब्दच तुम्ही तोलून विकलात.

तीन वर्षांपूर्वी तुमच्या मुलीच्या लग्नात मी नको ते बोललो, हे कबूल आहे. पंगतीत तुमच्या व्याह्यांना म्हणालो की या माणसाने बापाची गाडी किलोवर विकली, यांच्याशी व्यवहार करताना काटा आपला आणा. सगळे हसले, फक्त तुम्ही ताटावरून उठलात. ते व्हायला नको होतं. पण शब्दाने शब्द खरा होता, आणि तुम्ही तेव्हाही उत्तर दिलं नाहीत. माणसाजवळ उत्तर असतं तर तो देतो.

तेव्हा प्रश्न एवढाच: सोळाशे की चार हजार दोनशे? तुमच्याकडे गाड्यांची किंमत करण्याचा अनुभव आहे. चार ओळींत कळवावं. वहिनींमार्फत कळवलं तरी चालेल, तुमच्या अंघोळीत खंड नको.

आपला धाकटा,
(आखूड पायांचा)

ता. क. हिने नमस्कार सांगितला आहे. तिचं तुमच्याशी कसलंही भांडण नाही, हे तिने मला मुद्दाम लिहायला लावलं आणि लिहिलं की नाही ते वाकून बघितलं.

ता. क. दुसरा, गुरुवार. पत्र टाकायला निघालो होतो, पण मध्येच रंगाचा विचार आला. मला गाडी निळी आठवते, तुम्ही लग्नात कोणाला तरी हिरवी सांगत होतात. फोटो मिळाला तर तुम्हाला खोटं पाडता येईल म्हणून माळ्यावर चढलो आणि बाबांचा पत्र्याचा डबा काढला. फोटो नाही. जुना परवाना आहे, चष्मा आहे, आणि एकाला एक टाचलेले दोन कागद आहेत. पहिला भंगारवाल्याची चिठ्ठी, एक हजार आठशे चाळीस, तारखेसह. दुसरा माझ्या संस्थेची पावती, दुसऱ्याच दिवसाची. वार्षिक फी दोन हजार, संपूर्ण मिळाली. भरणाऱ्याची सही तुझी आहे.

मी माळ्यावरच बसून राहिलो. खालून ही विचारत होती, सापडला का फोटो. म्हणजे फी माफ झालीच नव्हती. दाढ कोणी बघितलीही नसेल. इतकी वर्षं मी दर डॉक्टरला ती खडूची दाढ सांगत आलो, दादा, तुझ्यासमोर सांगितली, लग्नात त्याच पंगतीत पहिल्या वाढपाच्या वेळी सांगितली, आणि तू मान खाली घालून जेवत होतास. वरचे एकशे साठ कुठून आणलेस, ते कुठल्या कागदावर नाही. वरची सगळी पानं फाडणार होतो, पण फाडली तर मी काय काय बोललो ते तुला कळणार नाही आणि मी सुटेन. म्हणून तशीच पाठवतो आहे.

ता. क. तिसरा, शनिवार. चार हजार दोनशे दिले. घासाघीस केली नाही, त्यामुळे कपाटवाला घाबरला आणि त्याने मला खुर्ची देऊन पाणी विचारलं. या महिन्यात दोन कवळ्या परत आल्या आहेत, तरी दिले. हिला किंमत सांगितली, दोन्ही कागद दाखवले. तिने नुसतं टेबल आवरून दिलं.

आता काम सांगतो, ज्यासाठी हे पत्र पाठवायचं. पुढच्या रविवारी, पत्र पोचल्यावर, सकाळी नऊला मी फोन करणार आहे. अंघोळ त्याआधी आटप. येतो म्हण, आणि ये. गाडी हिरवी तर हिरवी, डबी आणून ठेवली आहे. बाकीची तीन दारं मी बसवून ठेवतो. ड्रायव्हरच्या बाजूचं बशीत काढून ठेवलं आहे, ते तू आल्यावर तू लाव.