काळी चारचा सूर

बाबा, गेल्या रविवारी आपल्या जुन्या चर्चमध्ये तुमच्या आठवणीची उपासना झाली. भिंतीवर तुमचा फोटो लावला, हार घातला, आणि आताचे तरणे पाळक तुमच्याविषयी चांगलं दहा मिनिटं बोलले. तुम्ही पायी हिंडून गावोगाव उपदेश केलात, वस्तीतल्या पोरांना पाटीवर अक्षरं गिरवायला लावलीत, सगळं खरं तेच बोलले. शेवटी मात्र म्हणाले, "त्यांची एकच इच्छा अपुरी राहिली. ज्या मुलाला त्यांनी विलायतेला धाडलं, तो पाळक होऊ शकला नाही." सगळी मंडळी वळून माझ्याकडे बघायला लागली. माझ्या सुनेनं तर डोळ्याला पदर लावला. मी पुढच्याच बाकावर काठी धरून बसलो होतो आणि मला हसू आवरेना. म्हणे होऊ शकला नाही! अहो, मी झालो नाही. होणार नाही असं तुमच्या तोंडावर सांगून झालो नाही. तुम्हाला ते ठाऊक होतं, आईला ठाऊक होतं, तिसरं कुणी आता उरलं नाही. माझी ऐंशी उलटली. गुडघे गेले, कान अजून शाबूत आहेत. म्हणून म्हटलं, जे ऐकलं त्याला उत्तर लिहून ठेवावं. माफी मागायला बसलेलो नाही, हे आधीच सांगतो.

तुम्ही तीस वर्षं उपदेशक होतात, पण पाळकाची दीक्षा तुम्हाला मिळाली नव्हती, कारण चौथीपुढं शाळा नव्हती. लेकराचा बाप्तिस्मा असो की प्रभुभोजन, महिन्यातून एकदा सांगलीहून पाळक यायचे, झगा घालून उभे राहायचे, आणि तुम्ही त्यांच्या मागं ताट धरून उभे. ते मला लहानपणापासून दिसत होतं. तुम्हाला जे घालता आलं नाही ते माझ्या अंगावर घालायचं, हे तुम्ही कधी ठरवलंत कोण जाणे. पण मी सोळा वर्षांचा असताना पक्कं झालं, हे नक्की. दुसरी मोठी लढाई चालू होती. मिशनच्या मडमबाई परत जाताना त्यांची पायपेटी चर्चला देऊन गेल्या, आणि तुमची भजनं त्या पेटीवर काळी एकमध्ये सुरू झाली. म्हणजे काळी चार हा तुमचा पंचम. तो जरासा उतरलेला होता. तुम्हाला कळत नव्हता, मंडळींना कळत नव्हता, माझ्या मात्र दातात खडा यावा तसा लागायचा. एका शनिवारी मी पेटी उघडली, त्या सुराची पितळी पात शोधली आणि मोडक्या कानशीनं बुडाशी घासली. सूर चढायच्या ऐवजी आणखी उतरला. म्हणून आणखी घासली. दुसऱ्या दिवशी पुनरुत्थानाचा सण. पहिल्याच भजनाला पेटीवाल्यानं पंचमाची पट्टी दाबली आणि पेटी रेड्यासारखी हंबरली.

घरी आल्यावर तुम्ही मारलं नाहीत. खिशातून तो टोक मोडलेला चाकू काढलात, शिसपेन्सिल तासायला घेतलीत, आणि मान वर न करता म्हणालात, "देवाच्या वस्तूला हात लावायचा न्हाई. तुजं हात त्या कामाचं न्हाईत. तुज्या तोंडाला काम देनार हाय मी." उपदेशाला उभे राहिलात की तुमची भाषा पुस्तकासारखी, आणि राग आला की गावची. त्या दिवसापासून पेटीवाला काळी चार टाळून वाजवायला लागला. पंचम आला की सगळं चर्च त्याच्यावरून उडी मारायचं, ओढ्यावरून मारावी तशी. मला सातारच्या बोर्डिंगात घातलंत, लढाई संपल्यावर मिशनच्या मदतीनं पाळकाच्या शिक्षणासाठी विलायतेच्या बोटीवर बसवलंत. मी काही रडत गेलो नाही. जायची मलाही हौस होती.

तिथलं रोजचं जगणं तुम्हाला पत्रांतून कळत होतं, पण तुम्ही ते उपदेशाच्या चष्म्यातून वाचत होता. उत्तरेकडचं धुराचं गाव. वरच्या मजल्यावरची खोली, खाली घरमालकीण बाई, तिच्याकडे रोज सकाळी मिठाची लापशी. पाव रेशनवर, अंडं आठवड्याला एक, आणि ते मी रविवारी खायचो की बुधवारी याची ती बाई आस्थेनं चौकशी करायची. थंडी अशी की न्हाणीतला टॉवेल वाळायच्या ऐवजी ताठ उभा राहायचा. आईनं दिलेली शेंगदाण्याची चटणी ट्रंकेत सांडली आणि तिचं तेल हिब्रूच्या पुस्तकाला लागलं. त्या पुस्तकाला वर्षभर आपल्या चुलीचा वास येत होता. अभ्यासापेक्षा त्या वासासाठीच मी ते जास्त उघडलं. पहिले सहा महिने मी हिब्रूवर तुटून पडलो. मग वादसभेत जायला लागलो, कारण हिंदुस्थानाबद्दल तिथं कुणीही उठून काहीही बोलायचं. मग शनिवारी पोरांबरोबर डोंगर चढायचं वेड लागलं. आपल्या अजिंक्यताऱ्यापुढं ते डोंगर म्हणजे म्हशीची पाठ, पण वारा झणझणीत. मग बोलपट. हे सगळं मी तुम्हाला मनमोकळं लिहीत होतो, आणि तुमचं उत्तर आलं, "पत्रात देवाचं नाव दोनदा आहे, बोलपटाचं पाचदा. प्रकृतीस जपावे."

दुसऱ्या हिवाळ्यात थंडीनं कॉलेजच्या प्रार्थनाघरातली पेटी तडकली आणि ती नीट करायला एक म्हातारा कारागीर आला. त्याचा मदतनीस लढाईवरून परतलाच नव्हता. आत वाकून सूर तपासायचा तर बाहेरून कुणीतरी पट्टी दाबून धरायला हवी. मी तिथं प्रार्थनेला बसलो होतो. त्यानं मला बोटानं बोलावलं. मी एक पट्टी दाबतो, मग दुसरी, आणि तो म्हणतो, लाटा ऐक. दोन सूर जवळ असून जुळलेले नसले की त्यांच्यात एक थरथर उठते. तो पातीवरून कानस फिरवतो, थरथर मंद होते, आणखी मंद, आणि एका क्षणी थांबते. बाबा, त्या थांबण्यात मला जे मिळालं ते कुठल्याच वर्गात मिळालं नव्हतं. नंतर त्यानं पात माझ्या हातावर ठेवली. टोकाशी घासली की सूर चढतो, बुडाशी घासली की उतरतो. एवढंच! सोळाव्या वर्षी मी नेमकं उलटं टोक घासलं होतं. माझे हात त्या कामाचे नव्हते असं नाही, त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं.

त्यानंतर मी त्याच्यामागं गावोगावच्या चर्चमधून हिंडलो. त्यानं मला शिकवलं असंही म्हणता येत नाही. तो घुम्या होता, मी बघून बघून शिकलो. परीक्षा नाही, दाखला नाही. उन्हाळ्यात तुम्हाला सरळ लिहिलं की मला पाळक व्हायचं नाही, पेट्यांचं काम शिकतो आहे, पोटापुरतं येतं आहे, आणखी वर्षानं परत येतो. महिन्याभरानं तुमचं उत्तर आलं. एवढंच होतं: "झग्याचं कापड साताऱ्याहून आणून झालं आहे. तेव्हा असलं काही लिहू नये."

मी आलो त्या दिवशी झगा स्वयंपाकघराच्या खुंटीवर टांगलेला होता. वस्तीतल्या बायकांनी हातानं शिवलेला, काळा. आई चुलीपाशी भाकरी थापत होती. तुम्ही म्हणालात, "अंगाला लावून बग. रविवारी उपदेशाला उभं ऱ्हायचं हाय तुला, मंडळींना सांगितलंय मी."

"बाबा, मी पत्रात लिवलं हुतं."

"पत्रात मानूस काय बी लिवतंय. थंडीनं डोस्कं गोठतंय तिकडं."

"उन्हाळ्यात लिवलं हुतं."

"मग काय करनार? पेट्या सांधत दारोदार फिरनार, कल्हईवाल्यावानी?"

"व्हय. आवं, परभू तरी कुटल्या पाळकाच्या शाळंत गेला हुता? तीस वरसं सुताराचा रंधाच मारत हुता की!"

आईच्या हातातली भाकरी तशीच राहिली. मला वाटलं, आता तुमचा हात उठतो. पण तुम्ही खुंटीवरच्या झग्याची बाही नीट केलीत आणि अगदी हळू म्हणालात, "रंधा मारत हुता, खरं हाय. पर त्यानं रंधा खाली ठिवला. तू उचललास." त्याचं उत्तर मला पुढं पाच-सहा वर्षांनी सांगलीतल्या माझ्या दुकानात एक भाता चिकटवताना सुचलं, पण तुम्ही गेला होता. म्हणून आता देतो. खाली ठेवलेला रंधा कुणीतरी उचलायला हवाच होता, बाबा. नाहीतर तुमच्या चर्चमधले ते बाक कुणी केले असते?

तुम्ही बाहेर गेल्यावर आई म्हणाली, "तुजं ते पत्र आलं त्या दुपारी ह्ये चर्चचं दार आतनं लावून बसलं हुतं. पराथना करत असतील म्हनून मी हाक मारली न्हाई." शनिवारी मी एकटा चर्चमध्ये गेलो आणि पेटी उघडली. रविवारी उपदेशाच्या जागेवर चढलो नाही. पेटीजवळ उभा राहिलो आणि सगळ्यांना सांगितलं, "मी उपदेश करणार नाही. मी पाळक होणार नाही. या पेटीतला एकच सूर बिघडला होता, तो मीच बिघडवला होता, आणि काल मीच नीट केला." तुम्ही मान वर केली नाहीत. मग पेटी सुरू झाली. काळी चार स्वच्छ, घंटेसारखी वाजली, आणि सगळी मंडळी सवयीनं तिच्यावरून उडी मारून पुढं गेली! उपासनेनंतर एक म्हातारी माझ्याजवळ येऊन म्हणाली, "लेकरा, ह्या पेटीत एक सूर ज्यास्तीचा झालाय बग." हसावं की रडावं! मंडळींना पंचमावर पाय द्यायला नाताळ उजाडला.

तुमचा माझा अबोला चालू असतानाच आटपाडीकडची दोन माणसं मारुतीच्या देवळातली भजनाची पेटी पोत्यात बांधून घेऊन आली. विलायतेहून पेटीवाला आलाय, असं कुणी सांगितलं होतं. तुम्ही दारातच म्हणालात, "देवळातल्या पेटीला माज्या घरात जागा न्हाई." मी पोतं उचललं आणि समोरच्या चिंचेखाली नेऊन सोडलं. तुम्हाला दिसावं म्हणूनच तिथं बसलो, हे खरं आहे. दोन दिवस तुम्ही येताजाता तोंड फिरवत होता. तिसऱ्या दिवशी भर दुपारी सावली सरकली होती. तुम्ही वाटेत थांबलात. माझ्याकडे नाही, पेटीकडे बघून म्हणालात, "ऊन लागतंय तिला. लाकूड तडकंल. वट्यावर घे." घरात नाही म्हणालात, ओट्यावर म्हणालात. संध्याकाळी त्या माणसांनी पेटी वाजवून बघितली आणि एकजण म्हणाला, "मास्तर, तुमच्या पोराचा हात लय गोड हाय." तुम्ही म्हणालात, "हात कुनाचा घेतलाय कुनाला ठावं. माजा न्हाई."

त्या ओट्यावर पुढं देवळांतल्या पेट्या आल्या, जैन वस्तीतल्या भजनाची आली, तमाशाच्या फडाचीही आली. तमाशाची आली त्या दिवशी तुम्ही जेवला नाहीत, पण हाकललंही नाहीत. झगा आईनं कुणाला न विचारता चर्चच्या पेटीवर घातला, धूळ बसू नये म्हणून. तो आपल्या कामाला आला, मी माझ्या. मी आयुष्यभर पाळक नसताना जगलो, पोटभर जगलो, आणि जितक्या भजनांना सूर दिला तितक्यांचं पुण्य कुणाच्या नावावर घालायचं ते देव बघेल. यातलं काही अपुरं राहिलं असं मला वाटत नाही. पुन्हा सोळा वर्षांचा झालो तर पेटी पुन्हा उघडीन. फक्त टोक बरोबर घासीन.

हे पत्र टाकायचं कुठं? घडी घालून हत्यारांच्या डब्यात ठेवणार, कानशींच्या खाली. पण ठेवायच्या आधी एक राहिलं. त्या शनिवारी पेटीतली पाती बसवलेली फळी काढली तेव्हा वरच्या सप्तकातली एक पात घासलेली दिसली. मंडळींचा गळा तिथवर कधी पोचत नाही, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. फळी उलटी केली की डावीकडचं उजवीकडे जातं. ठाऊक नसलेला माणूस काळी चार शोधायला गेला तर उलट्या बाजूनं मोजतो आणि भलत्याच पातीवर जातो. त्या पातीच्या बुडाशी, मी घासलं होतं त्याच चुकीच्या टोकाला, जोडीजोडीनं ओरखडे होते. टोक मोडलेल्या चाकूचेच तसे दोन-दोन उठतात. मी तुम्हाला कधी विचारलं नाही, भांडणातही काढलं नाही. मंडळींना मी उभं राहून सांगितलं की एकच सूर बिघडला होता. बाबा, दोन होते. तुमचा मी आधी नीट केला.