कपाटातून संवाद

३ मार्च, सोमवार. सकाळी ६.४०
आजपासून रोजनिशी. कोणी वाचावी म्हणून नाही, फक्त माझ्यासाठी. तरी अक्षर नीट काढतोय, पुढेमागे कोणाला अभ्यासाला लागलं तर.

निर्णय झाला. पॉडकास्ट काढणार! विषय : आजची संस्कृती, कला आणि चांगलं जगणं. नाव : ‘जगणं, एक संवाद’. निमित्त असं की वाचनालय दर महिन्याला गप्पांची संध्याकाळ सुरू करतंय. स्टेजवर एक पाहुणा आणि एक कायमचा मुलाखतकार. ज्याला मुलाखतकार व्हायचंय त्याने ३१ तारखेपर्यंत आपल्या गप्पांचं रेकॉर्डिंग पाठवायचं. ती खुर्ची माझी आहे. एकोणीस वर्षं चष्म्याच्या दुकानात डोळे तपासतोय, दिवसाला तीस माणसांना प्रश्न विचारतो. हे स्पष्ट की आधीचं स्पष्ट? एवढा अनुभव गावात दुसऱ्या कोणाला आहे?

बायकोला सांगितलं. छान आहे म्हणाली, आणि दूध उतू जातंय तिकडे बघा म्हणाली.

५ मार्च, बुधवार
दोन माईक आणि एक छोटा डबा आला. दोन्ही माईक डब्याला जोडायचे. प्रत्येकाला एक बटण, एक दिवा. माझा हिरवा लागला, पाहुण्याचा लाल. बहुतेक ओळखायला सोपं जावं म्हणून. सोबतचं माहितीपुस्तक जाड आहे. संकल्प : रविवारी वाचणे.

स्टुडिओ ठरला. बेडरूममधलं भिंतीतलं कपाट. लटकलेल्या कपड्यांमुळे आवाज घुमत नाही. दोन स्टुलं बरोबर मावतात, फक्त गुडघ्याला गुडघा लागतो. संवादात जवळीक हवीच.

९ मार्च, रविवार
पहिला भाग झाला! पाहुणा शिल्पकार. धिप्पाड माणूस, दोन कोट काढून ठेवावे लागले तेव्हा आत बसला. लाल दिव्याने त्याचं लक्ष विचलित होत होतं, म्हणून त्यावर माझा मोजा टाकला. धुतलेला.

मी रंगात होतो. मातीचं मौन यावर अठरा मिनिटं बोललो, त्याला दोनदा मान डोलवावीशी वाटली. तो काही म्हणाला की मी लगेच, म्हणजे तुम्हाला असं म्हणायचंय की, असं करून त्याचं म्हणणं सुंदर शब्दांत मांडत होतो. कलाकारांना बोलता येत नाही, त्यांना आधार लागतो. शेवटी विचारलं, दगड की माती? पहिलं की दुसरं? तो गोंधळला. मी म्हटलं, घाई नाही, डोळे मिचकावा आणि परत बघा.

माहितीपुस्तक राहिलं.

१२ मार्च, बुधवार. दुपारी १.१५, दुकानात
एडिटिंग शिकलो. एक बटण आहे, मधली शांतता आणि लांबचे बारीक आवाज आपोआप कापून टाकतं. एक तास दहा मिनिटांचा भाग थेट बावन्न मिनिटांवर आला! काय ओघ आहे. पूर्ण ऐकला नाही, मी तिथे होतोच की. स्वतःची सुरुवात मात्र चार वेळा ऐकली.

श्रोते : चार. पैकी माझा फोन, दुकानातला कॉम्प्युटर आणि बायकोचा फोन (मीच लावला). उरला एक. कोण असेल? कोणीतरी चोखंदळ. नाटकवाला असावा, किंवा प्राध्यापक. त्याला डोळ्यांसमोर ठेवून पुढचा भाग करणार.

१६ मार्च, रविवार
दुसरा भाग, नृत्यशिक्षिका. कपाटात हात हलवता येईनात, त्यामुळे बाई जरा नाराज. मी मुद्रांचं वर्णन शब्दांत केलं, बहुधा तिच्यापेक्षा बरं. निघताना म्हणाली, तुम्ही फार छान बोलता. ‘तुम्ही’वर जोर होता.

बायको रक्त तपासणीच्या लॅबमध्ये रक्त काढते. जेवताना म्हणाली की सुईला घाबरणाऱ्या माणसाला एकच प्रश्न विचारायचा आणि गप्प बसायचं. तो बोलत राहतो, सुई कधी गेली त्याला कळत नाही. मी समजावलं की रक्त काढणं वेगळं आणि मुलाखत वेगळी. ती हो म्हणाली.

१९ मार्च, बुधवार
चोखंदळ श्रोता सापडला. सासूबाई. बायकोने फोन केला तेव्हा सांगत होत्या म्हणे, जावईबापूंचं ते लावलं की दुपारची झोप काय गाढ लागते, गोळीची गरज पडत नाही. असो. कलेने माणसाला शांती मिळते हे सिद्ध झालं.

तिसऱ्या भागासाठी बासरीवाला मिळाला, त्याला नंतर वेळ नव्हता म्हणून आजच उरकला. बासरीपेक्षा मीच जास्त वाजलो असं बायको म्हणाली. तिन्ही भाग वाचनालयात पाठवले. मुदतीच्या बारा दिवस आधी! शिस्त म्हणतात ती ही.

२२ मार्च, शनिवार. सकाळी १०
ग्रंथपालबाईंचा फोन! म्हणाल्या, तुमचा एकपात्री प्रयोग फार धाडसी आहे. समोर कोणीही नसताना माणूस बावन्न मिनिटं काल्पनिक पाहुण्याशी बोलतो, मध्येच त्याचं म्हणणंही आपणच सांगतो, समितीला हसू आवरेना. पण त्यांना स्टेजवर खरा माणूस लागेल. खऱ्या माणसाशी बोललेला एखादा भाग असेल तर ३१ पर्यंत पाठवा म्हणाल्या.

एकपात्री! धाडसी! दोन ग्राहकांना सांगितलंसुद्धा.

त्याच दिवशी, ११.३०
माहितीपुस्तक वाचलं. पान चार. लाल म्हणजे बंद.

शिल्पकार नाही. नृत्यशिक्षिका नाही. बासरीसुद्धा नाही. तिन्ही भागांत माझ्याशिवाय कोणाचा साधा खोकलाही नाही. आणि हे कोणाच्या, म्हणजे माझ्याही, लक्षात आलं नाही. एका ग्राहकाला जवळचा नंबर दूरचा म्हणून लिहून दिला.

२३ मार्च, रविवार
खचायचं नाही. दोष यंत्राचा होता. संकल्प : १) दोन्ही दिवे हिरवे. २) जास्तीत जास्त बावीस प्रश्न. ३) पाहुण्याला बोलू देणे, शक्य तिथे.

पाहुण्या ठरल्या : पोहणाऱ्या आजी. वय चौऱ्याऐंशी, एकट्या राहतात, रोज सकाळी तलावावर. चांगलं जगणं म्हणजे आणखी काय! शुक्रवारी येतील. रोज अंघोळ करताना प्रश्नांची तालीम, मोठ्याने.

२८ मार्च, शुक्रवार. संध्याकाळी ५
आवाज गेला. पूर्ण. तालीम जरा जास्तच झाली. घशातून फक्त हवा येते.

आजी दारात उभ्या, परत कसं पाठवणार? हातवारे करून बायकोला कपाटात बसवलं. बावीस प्रश्नांचा कागद तिच्या हातात दिला. तिने घडी घालून त्यावर चहाचा कप ठेवला. मी बाहेर, दाराच्या फटीला डोळा लावून.

तिने विचारलं काय, तर आज पाणी गार होतं का. एवढंच! आणि गप्प. पाच सेकंद, दहा सेकंद. मी फटीतून प्रश्न क्रमांक दोन बोटांनी दाखवत होतो. तिने बघितलंसुद्धा नाही.

मग आजी बोलायला लागल्या. म्हणाल्या की यजमान पाण्याला फार भ्यायचे, म्हणून उभ्या संसारात त्या कधी काठावरसुद्धा गेल्या नाहीत. ते गेल्यावर एकसष्टाव्या वर्षी पोहायला शिकल्या. पहिल्या दिवशी पाण्यात शिरल्या आणि आनंद झाला, आणि आनंद झाला म्हणून लाज वाटली, घरी येऊन त्यांच्या फोटोला सॉरी म्हणाल्या. बायकोने हळूच विचारलं, मग ते काय म्हणाले? आजी इतक्या हसल्या की हँगर खाली पडले. मलाही हसू आलं, आणि रडूही. आवाज नव्हता म्हणून कोणाला कळलं नाही. चाळीस मिनिटांत बायको सहा वाक्यं बोलली. मी मोजली.

२९ मार्च, शनिवार
भाग पाठवला. सोबत पत्र : संकल्पना, मांडणी आणि सूत्रसंचालन माझं, प्रश्न वाचून दाखवण्यासाठी पत्नीची मदत. खोटं काही नाही. कागद मीच दिला होता.

४ एप्रिल, शुक्रवार
ग्रंथपालबाईंचा फोन आला. मी घसा खाकरून तयार. त्या म्हणाल्या, बाईंना देता का?

बायकोने ऐकून घेतलं, एकदम नाही म्हणाली, यांना विचारा, हे सगळं यांचंच आहे म्हणाली. तिकडून काहीतरी बराच वेळ बोलणं झालं. मग तिने फोनवर हात ठेवून मला विचारलं की मी हो म्हणू का, तुम्हाला वाईट वाटेल का.

मी मान हलवली. हो आणि नाही दोन्हीच्या मधली. तिने हो म्हणून सांगितलं.

वाईट वाटलं. इथे लिहायला काय हरकत आहे? जेवलो नाही. नंतर जेवलो.

१२ एप्रिल, शनिवार. रात्री ८.२०
पहिली गप्पांची संध्याकाळ. हॉल भरलेला. मी तिसऱ्या रांगेत. पाहुणा शिल्पकारच! मला बघून जरा दचकला. बायकोने विचारलं, हात दुखतात का हो? तो पाऊण तास बोलला. त्याला इतकं बोलता येतं मला माहीतच नव्हतं. लोक हसले, एकदा सगळे गप्प झाले, मग उभे राहून टाळ्या. मीही वाजवल्या. सगळ्यात शेवटपर्यंत.

घरी चालत आलो. वाटेत तिने विचारलं की तुम्हाला कसं वाटलं. आणि गप्प बसली. खरंच गप्प, माझ्याकडे बघत, जणू सगळा वेळ तिच्याकडेच आहे. संस्कृती, कला, चांगलं जगणं, मला एकही मुद्दा सुचेना. दोन चौक ओलांडले. ती वाट बघत होतीच.

शेवटी म्हटलं, खुर्च्या बऱ्या होत्या.