मेमरीचा वेग परत वाढवू नकोस

दादा,

फोन घरीच विसरून कंपनीत गेलास, म्हणून लिहून ठेवतेय. बाबांना सकाळी चक्कर आली. सुरगाण्याला दवाखान्यात ठेवलंय. हिरामणकाकांची जीप तिकडेच निघालीय, मी त्यांच्यासोबत जातेय.

कॉम्प्युटर चालू आहे, बंद करू नकोस. तू मेमरीचा वेग वाढवून तिचं मधे थांबायचं टायमिंग कमी केलंस, तेव्हापासून बंगल्याच्या चित्राचं रेंडर भराभर सरकत होतं हे खरं. पण आज दोनदा मध्येच स्क्रीन निळी झाली आणि सगळं पहिल्यापासून करावं लागलं. एवढ्या घाईत मेमरी चुकते रे, तिला थोडी उसंत लागते. मी सेटिंग मूळचं केलंय. आता हळू चालेल, पण बंद पडणार नाही. संध्याकाळपर्यंत चित्र तयार होईल, ते बंगल्याच्या मॅडमना पाठव. तोवर सेटिंगला हात लावू नकोस, पाया पडते.

भाकरी डब्यात आहे. पिठलं गरम करून घे.

आई फोनवर म्हणाली, "घाबरायसारखं काय नाय." पण तिचा आवाज नेहमीचा नव्हता. मागून बाबा सारखे विचारत होते, "दिनेश येतोय ना?" दिवाळीत तुमच्या दोघांत काय झालं ते मला माहीत नाही, मी विचारणारही नाही. पण त्यांनी माझं नाव एकदाही घेतलं नाही.

काका खाली हॉर्न वाजवतायत. चित्र पाठवलं की ये. नाहीच झालं, तर तसंच टाकून ये.

स्नेहल