डावीकडे 'अनुपस्थित', उजवीकडे काहीच नाही

अलाविएस्का,
सोमवार, २५ ऑगस्ट

प्रिय इर्मेलीताई,

देवाची शांती तुझ्या घरी नांदो. गुडघा कसा आहे? गेल्या पत्रात तो बरा आहे असं लिहिलं होतंस, म्हणजे दुखत असणार. इथे नऊ दिवस पाऊस लागून राहिलाय आणि बटाटे जमिनीतच कुजतायत. बाकी देवाच्या कृपेने ठीक.

फेब्रुवारीत आर्मास गेल्यावर विधवा बाईने स्वस्थ बसावं, पण मी ट्रंकेतून मॅट्रिक झाल्यावर मिळालेली पांढरी टोपी काढली, तिची कसर झटकली आणि धर्मशास्त्राची प्रवेश परीक्षा दिली, हे तुला माहीतच आहे. एकसष्टाव्या वर्षी पास झाले. आता नवा करार मूळ ग्रीकमधून वाचणार म्हणून चर्चमध्ये जरा मान ताठ करून बसत होते. तो गर्व देवाने लगेच हेरला. कारण जागा मिळाली तरी दर वर्षी विद्यापीठाला कळवावं लागतं की आपण यंदा उपस्थित आहोत की अनुपस्थित. न कळवलं तर जागा जाते. मुदत येत्या शुक्रवारी दुपारी तीनपर्यंत, आणि कळवायचं फक्त त्यांच्या पोर्टलवर.

माझ्याकडे संगणक नाही (चालता फोन घरात असताना दुसरं यंत्र कशाला?). फोन आर्मासचा, पडदा साबणाच्या वडीएवढा. ते पान उघडलं की खालचा अर्धा पडदा एका सूचनेने झाकला जातो. ती माझी संमती मागते. कशाला, ते संमती दिल्यावर सांगते. उरलेल्या अर्ध्यात एकच बटण दिसतं, 'अनुपस्थित'. 'उपस्थित' त्याच्या उजवीकडे, पडद्याबाहेर आहे म्हणे. तिकडे जायला बोटाने पान सरकवलं की पोर्टल समजतं बाई कंटाळली, आणि मला पहिल्या पानावर नेऊन पुन्हा पासवर्ड विचारतं. तीन दिवस हेच. शेजारीण म्हणाली, सध्या 'अनुपस्थित' दाब, मग बघू. पण मी घरखर्चाच्या वहीतही कधी खोटा आकडा लिहिला नाही, मग विद्यापीठापुढे खोटी साक्ष कशी देऊ?

शेवटी चार पानी तक्रार हाताने लिहून टपालात टाकली. आश्चर्य म्हणजे उत्तर आलं! पोर्टल फोनवर सोपं करायचं काम चालू आहे, त्यासाठी 'तुमच्यासारख्याच' व्यक्ती हव्या आहेत, चाचणीला या. (माझ्यासारख्या म्हणजे कशा, ते लिहिलं नव्हतं.) गेले. सान्नी नावाची एक बाई हे काम बघते, स्वभावाने गोड. तिने माझ्या हातात त्यांचा फोन दिला, वर कॅमेरा लावला आणि म्हणाली, मनात येईल ते मोठ्याने बोलत राहा. ताई, आपल्याकडे मनातलं मोठ्याने कोण बोलतं? एक तर प्यायलेला, नाही तर स्वीडनहून आलेला. मी अकरा मिनिटं गप्प.

"काय वाटतंय, काकू?"

"काही नाही."

"अहो, काहीतरी वाटत असेलच की!"

"असेल."

बिचारी रडकुंडीला आली, तेव्हा दया येऊन मी तोंड उघडलं. आणि मग ते मिटेचना. बटाटे, दारात अजून तसेच असलेले आर्मासचे बूट, सकाळी अजून दोघांची कॉफी टाकते ते, सगळं सांगून झालं. त्यांच्या नव्या पानावर दोन्ही बटणं एकाखाली एक, चांगली अंगठ्याएवढी होती. मी 'उपस्थित' दाबलं. सान्नीने टाळ्या वाजवल्या. मी देवाचे आभार मानले, त्यांचा वेलदोड्याचा पाव खाल्ला (दुसरा रुमालात बांधून आणला) आणि घरी येऊन ग्रीक मुळाक्षरं गिरवायला बसले.

गेल्या गुरुवारी संदेश आला, आपण अद्याप नोंदणी केलेली नाही. मी सान्नीला फोन लावला. "अहो काकू, ते सरावाचं पान होतं! त्यात नाव तुमचं नव्हतं, 'नमुना विद्यार्थी' असं होतं." म्हणजे जो जन्मालाच आला नाही, तो यंदा उपस्थित आहे, आणि मी अधांतरी. नवं पोर्टल नाताळानंतर येणार आहे. तोवर काकूंनी संगणक शोधावा.

तुझी धाकटी,
तेल्लेर्वो

ता. क. तुझ्याकडे मोठ्या पडद्याचा संगणक आहे. माझा पासवर्ड वेगळ्या पाकिटात घालून पाठवणार होते, म्हणजे तूच ते बटण दाबलं असतंस. पाकीट चिकटवूनही झालं होतं. आत्ताच चुलीत टाकलं.

ता. क. २. खरं सांगते. गेल्या शुक्रवारी मी गावच्या ग्रंथालयात जाऊन आले. तिथला संगणक फुकट, पडदा खिडकीएवढा. दोन्ही बटणं शेजारी शेजारी, लख्ख दिसत होती. पाऊण तास बघत बसले, मग कोट चढवून घरी आले. 'उपस्थित' दाबलं की सोमवार ते गुरुवार शहरात राहणं आलं. आर्मास गेल्यापासून हे घर मी एक रात्रही रिकामं ठेवलेलं नाही.

ता. क. ३. येत्या गुरुवारी दहाच्या बसने ये. ग्रंथालयात बटण मीच दाबीन, तू नुसती शेजारी बस. आणि येताना एक कुलूप आण, जुनं चालेल. बाहेर जाताना आम्ही दाराला झाडू टेकवायचो, घरी कोणी नाही हे गावाला तेवढ्यानेच कळायचं. आठवड्याचे चार दिवस झाडूवर भागणार नाही.