तपासणीपुरत्या पोरी

सर, परवा तुमचा मुलगा तुमचा फोटो घेऊन शाळेत आला होता. चांगली चौकट, वर चंदनाचा हार. तुम्ही या शाळेचे जुने मुख्याध्यापक, म्हणून ऑफिसच्या भिंतीवर लावा म्हणाला. मी म्हटलं, "सर इथले रहिवासी होते असा दाखला आणा, मग बघू." त्याला गंमत वाटली, हसला. मी हसले नाही. फोटो त्याच्याबरोबर परत पाठवला आणि दिवसभर मला फार बरं वाटलं. समोरच्या खुर्चीत बसलेली मुख्याध्यापक बाई कोण, हे त्याला ठाऊक नव्हतं. तुम्हाला तरी कुठं ठाऊक होतं?

वडीगोद्रीच्या अलीकडे हायवेला आमची पालं होती. बाप पाट्या-वरवंट्यांना टाकी लावत गावोगाव फिरायचा, पण त्या वर्षी आमच्या शाळेसाठी म्हणून तो तिथंच थांबला. ताईला आणि मला घेऊन तुमच्यासमोर उभा राहिला, तेव्हा तुम्ही मान वर न करता म्हणालात, "रहिवासी दाखला आण. घर नंबर काय?" बाप म्हणाला, "सायेब, घरच न्हाई, तं नंबर कुठून आणू? पोरी हुशार हैत, बसू द्या." तुम्ही शिपायाकडे बघून हसलात. मग आम्ही वर्गाच्या खिडकीखाली, बाहेरच्या धुळीत बसायला लागलो. ताई आतलं ऐकून बोटानं मातीत गणितं करायची.

पुढं शाळेची तपासणी लागली. निम्मी पोरं आईबापाबरोबर ऊसतोडीला गेलेली, वर्ग रिकामे. तुम्ही शिपायाला पालांवर धाडलंत. काल दाखल्यावाचून अडलेल्या पोरी आज बराबर चालल्या. ताईला एका ऊसतोडीच्या पोरीच्या नावावर बसवलंत आणि बजावलंत, "नाव पुकारलं की हजर म्हणायचं, बाकी बिलकुल बोलायचं न्हाई." तपासणीला आलेल्या साहेबांनी फळ्यावर भागाकार घातला. कुणाचाच हात वर होईना, तेव्हा ताई उठली आणि सोडवून आली. साहेब खूश झाले. तुम्हीही तिची पाठ थोपटलीत.

दुसऱ्या दिवशीची सकाळ माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. ताईनं फ्रॉक धुऊन ओलाच घातलाय. मला ओढत ती प्रार्थनेच्या रांगेत उभी राहते. तिला वाटतंय, हजेरी पुकारली म्हणजे आपलं नाव लागलं. "आता आपन रोज यायचं," ती म्हणते, "सायबानं पाह्यलं ना मला." प्रार्थना संपते. तुम्ही तिचा दंड धरून सगळ्या पोरांदेखत तिला फाटकाबाहेर काढता. "कालचं काल झालं. दाखला आण, मंग ये." ताई रडली नाही. पालावर येऊन तिनं भांडी घासायला घेतली आणि पुन्हा कधी खिडकीखाली आली नाही.

वर्षा-दोन वर्षांनी आम्ही घनसावंगीकडे गेलो. तिथल्या शाळेतल्या बाईंनी कागद न मागता मला माझ्या वयाच्या पोरींत बसवलं. पुढं तर तसा कायदाच आला, कागद नाही म्हणून लेकराला परत पाठवायचं नाही असा. पण तोवर ताईचं लग्न होऊन ती वीटभट्टीवर गेली होती. तिच्या डोक्यापुढं माझं डोकं काहीच नाही, सर. या खुर्चीत खरं तर ती बसायला हवी होती.

आता पालांवर मी स्वतः जाते, लेकरं हाताला धरून आणते. लोक माझं कौतुक करतात. त्यांना काय सांगू, की प्रत्येक लेकरू पटावर घेताना मी तुमचं नाक कापत असते. ताई म्हणते, "जाऊ दे ना, मेलेल्या मान्साशी काय भांडून राह्यलीस." तिनं सोडून दिलं असेल. मला जमत नाही.

हे पत्र मी कुठंच टाकणार नाही. एवढंच सांगते, तुमच्या मातीला मी आले होते. तेव्हा नुकतीच नोकरीला लागले होते. तुम्हाला उचललं तेव्हा मी हमसून रडले, आणि बायका म्हणाल्या, "सरांची विद्यार्थिनी असंल." मी रडले, कारण तुम्ही माझ्या हाती न लागता सुटलात.