वरच्या तळ्याचं पाणी

अकोला, १६ जून १९५९

डोळे मिटले की केदारच्या देवळाच्या वरचं ते इवलंसं तळं दिसतं. सगळं वितळल्या बर्फाचं पाणी आणि मधोमध बर्फाचा एक तुकडा, सावकाश फिरणारा. भान हरपून मी गडू तिथंच भरला. सासूबाईंनी शेवटच्या घोटासाठी गंगेचं पाणी मागितलं होतं. हरिद्वारला गडूचं तोंड झाळून बंद करून घेतलं, पण आत तळ्याचं पाणी आहे हे बोलले कुणाशीच नाही.

आज गंगापूजनाच्या आधी राहवेना, सासूबाईंना सांगून टाकलं. रागावतील का? त्यांनी उन्हानं तापलेला गडू गालाला लावला.

"तिथलं पानी थंड होतं काय वं?"

"बर्फ तरंगत होता."

"मंग माह्या तोंडात हेच टाकजो. जलमभर ऊनच सोसलं."

तेव्हापासून वाटतंय, तो तुकडा त्या गडूतच फिरतोय.